फेरीबोट नको, चिपळूणवरून जाऊ

दाभोळहून धोपाव्याला वासिष्ठीची खाडी ओलांडायची तर फेरीबोटीने काही मिनिटांचं काम. पण आमच्या एका काकांना पाण्याची धास्ती. दापोलीहून गुहागरला जाताना ते चिपळूणवरून वळसा घालत. गाडी खाडीकडे न वळता सरळ निघाली की त्यांना हायसं वाटायचं. भीतीला खुराक मिळतो तो नेमका याच हायसं वाटण्यातून. मानसशास्त्राला हे कळायला १९४७ साल उजाडावं लागलं.

त्याआधी, १९२४ मध्ये, मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली होती. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगा त्याला कुरवाळू लागला. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पी यांनी पायरी-पायरीची रीतसर पद्धत मांडली: अंग सैल सोडून भीतीचे प्रसंग मनात आणायचे, सौम्य आधी, कठीण नंतर.

१९४७ चा मुद्दा होबार्ट मावरर यांचा. भीती जडते एका कारणाने आणि टिकते दुसऱ्याच. टाळलं की जीव भांड्यात पडतो, म्हणून पुन्हा टाळावंसं वाटतं. बोट सुखरूप पलीकडे लागते, हे काकांना कधी दिसणारच नव्हतं. (पावसाळ्यात उधाण बघून थांबणं ही टाळाटाळ नव्हे, ते शहाणपण.)

१९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी हेच सूत्र मंत्रचळाला (हात धुण्यासारखी एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराला) लावलं, टाळायची वाटच बंद केली: घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचा नाही. मला सर्वांत मार्मिक वाटतात ते पॉल साल्कोव्हस्किस. १९९१ मध्ये त्यांनी लपलेल्या पळवाटांवर बोट ठेवलं. माणूस प्रसंगाला सामोरा जातो, पण काहीतरी घट्ट धरून. काकांच्या खिशात अंगाऱ्याची पुडी असे. अंगाऱ्याला नावं ठेवत नाही, गाऱ्हाणं आमच्याही घरी घालतात. पण 'पुडी होती म्हणून वाचलो' असा हिशेब झाला, की बोटीला श्रेय मिळतच नाही.

गेल्या शिमग्याला काका बोटीत चढले. गाडीच्या काचा वर, डोळे मिटलेले. परतीच्या फेरीला त्यांनी काच खाली केली आणि विचारलं, "ही रोज किती फेऱ्या मारते रे?"