अटॅक येऊनपण विडी का सुटत नाही: 'टेन्शन'वाल्या उत्तराच्या मागचा इतिहास

निपाणी-चिकोडीकडं कुणाला अटॅक येऊन गेला, स्टेंट बसवला, की डॉक्टर पहिल्यांदा सांगतात विडी बंद, आणि महिनाभरात गडी गोठ्यामागं परत धूर काढायलाय. विचारलं की एकच, "टेन्शन आलं की लागते बघ."

आता हे टेन्शनचं खूळ आजचं नव्हे. 1948 ला अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांवर सुरू झालेल्या हार्टच्या अभ्यासातनं पुढं सिगारेट आणि हार्टचं नातं कळलं. मग 1959 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रीडमन आणि रोझेनमन ह्या दोन हार्टच्या डॉक्टरांनी 'टाइप ए' स्वभाव मांडला, म्हणजे सतत घाई, चिडचिड, दुसऱ्याच्या पुढं जायची धडपड, असल्यांना हार्टचा त्रास जास्त. सिगारेट कंपन्यांना घबाडच की! दोष धुराचा नाही, माणसाच्या स्वभावाचा. टाइप ए च्या संशोधनाला आणि 'स्ट्रेस' हा शब्द गाजवणाऱ्या हान्स सेल्ये यांना ह्या कंपन्यांचा पैसा जायचा, हे पुढं कोर्टकचेरीत त्यांचेच कागद बाहेर पडल्यावर कळलं.

टेन्शन खोटं असं मी म्हणत नाही हं. 1993 ला माँट्रियलमधल्या अभ्यासात दिसलं की अटॅकनंतर डिप्रेशनमध्ये गेलेले पेशंट पहिल्या सहा महिन्यांत जास्त दगावले, आणि मन खचलेल्याला विडी सोडणंपण जड जातंय. पण गंमत अशी की निकोटीन दोनेक तासांत रक्तातनं निम्मं उतरतं, मग हात शिवशिवतात, बायकापोरांवर खेकसणं सुरू, आणि झुरका मारला की निवांत. म्हणजे आग लावणारीपण विडीच आणि विझवणारीपण तीच. सोडलेल्यांची चिंता, उदासी उलट कमी होते असं 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं, आणि हार्टच्या पेशंटनी सोडली तर मरणाचा धोका साधारण 36 टक्क्यांनी कमी, हे तर 2003 लाच आलेलं.

आमच्याकडं अजून एक गाठ आहे, ती ह्या अभ्यासांत कुठं येत नाही. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूचं गाव, वखारी, वळणाऱ्या बायका, सगळा पट्टा त्याच्यावर जगलेला. 1981 ला शेतकरी नेते शरद जोशींच्या आंदोलनात ह्याच तंबाखूच्या भावासाठी हायवे अडवला, गोळीबारात 12 शेतकरी गेले. त्या पिकावर ज्यांचं घर उभं राहिलं त्या म्हाताऱ्याला तंबाखू वैरी म्हणून सांगितलं तर तो नुसता हसतो आणि काडेपेटी शोधतो.