पायरीबाहेरचे कपडे : पोशाखावरून माणूस जोखण्याचा इतिहास

कोणाच्या कपड्यांबद्दल बोलताना आपल्या तोंडून बहुतेक वेळा दोन शेरे येतात. एक, ‘हे काय घातलंय, शोभतं का?’ आणि दुसरा, ‘एवढ्याशा कापडाला एवढे पैसे?’ पहिल्यात समोरच्याची पायरी काढलेली असते, दुसऱ्यात अक्कल. हे शेरे आपल्याला आपलेच, त्या क्षणी सुचलेले वाटतात. खरं तर ते फार जुने आहेत. कितीतरी शतकं ते कायद्यात लिहिलेले होते, शिक्षेच्या तरतुदीसकट.

जानेवारी १५६५ मधली लंडनची एक नोंद पाहण्यासारखी आहे. रिचर्ड वॉल्विन नावाच्या एका नोकराला पकडण्यात आलं. गुन्हा काय, तर त्याने घातलेली तुमान भलतीच मोठी होती. त्या काळी मांड्यांभोवती फुगवलेली, आत भराव कोंबलेली तुमान घालायची फॅशन दरबारी मंडळींत होती. नोकराने तशी घालणं म्हणजे मर्यादा सोडणं. साधी, कायद्यात बसणारी तुमान मिळवून अंगावर चढवेपर्यंत त्याला अटकेत ठेवावं असा हुकूम झाला. आणि ती फुगलेली तुमान नगरसभेच्या इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी मांडून ठेवायची होती, मूर्खपणाचा नमुना म्हणून. अटकेपेक्षा ही दुसरी शिक्षा मला जास्त बोलकी वाटते. चारचौघांत हसं करणं हाच तिचा गाभा होता. त्याच सुमारास शहराच्या वेशींवर माणसं उभी करून आत येणाऱ्यांचे कपडे तपासण्याचीही व्यवस्था झाली होती.

हे एकाएकी आलं नव्हतं. इंग्लंडच्या संसदेने १३६३ मध्येच कोणी कोणत्या किमतीचं कापड वापरायचं हे ठरवून दिलं होतं. नांगर धरणारे, गुरं-मेंढरं राखणारे यांनी जाडंभरडं लोकरी कापडच वापरावं, कारागिरांच्या कपड्याला किमतीची अमुक मर्यादा, सरदारांना अमुक फर चालेल, तमुक नाही, अशी सगळी उतरंड त्यात मांडलेली होती. लोक आपल्या दर्जाला न साजेसा पोशाख करू लागले आहेत, अशी तक्रार कायद्यातच नोंदवली होती. त्यामागचं कारण लक्षात घेतलं पाहिजे. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये माणसं एवढी मेली की कामाला हात मिळेनात, मजुरी वाढली, आणि ज्यांच्या हाती कधी पैसा नव्हता त्यांच्या हाती तो खुळखुळू लागला. तो पैसा अंगावर दिसताच वरच्यांना खुपला. हा कायदा लगेचच रद्द करावा लागला, पण विचार मागे राहिला. पुढची दोनशे-अडीचशे वर्षं तसेच हुकूम पुन्हा पुन्हा निघत राहिले. एकच बंदी इतक्या वेळा जाहीर करावी लागते, यावरूनच ती कोणी पाळत नव्हतं हे कळतं. १६०४ मध्ये इंग्लंडने हे सगळे कायदे मोडीत काढले.

सगळे कायदे एकाच हेतूने झाले असं मात्र नाही. १५७१ मध्ये सहा वर्षांवरच्या सर्वसामान्य प्रजेने रविवारी आणि सणाच्या दिवशी लोकरी टोपी घालावी, नाहीतर दंड भरावा, असा नियम झाला. टोप्या करणाऱ्यांचा धंदा तरावा हा त्यामागचा हिशेब होता. उमराव मंडळींना त्यातून सूट होती. परिणाम ठरलेलाच: डोक्यावर लोकरी टोपी म्हणजे सामान्य माणूस, अशी खूण पक्की झाली. खूण एकदा पडली की ती का पडली हे कोणी विचारत नाही.

बायकांच्या वाट्याला यातलं जास्तच आलं. रोममध्ये इसवी सनपूर्व २१५ मध्ये, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याविरुद्धच्या युद्धाच्या ऐन संकटात, ओप्पियन कायदा झाला. कोणत्याही स्त्रीने अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीत वस्त्र नेसायचं नाही, शहरात रथातून फिरायचं नाही. युद्ध संपलं, पैसा परत आला, पुरुषांच्या अंगावर जांभळ्या काठाची वस्त्रं झळकू लागली, पण बायकांवरची बंदी तशीच. शेवटी इसवी सनपूर्व १९५ मध्ये रोमच्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि सभेकडे निघालेल्या पुरुषांना वाटेत अडवून त्यांनी कायदा रद्द करण्याची मागणी केली. कॅटो या रोमन पुढाऱ्याने त्यांच्याविरुद्ध कडक भाषण केल्याचं इतिहासकार लिव्हीने लिहून ठेवलं आहे. तरी कायदा गेला. बायकांच्या नटण्यावर उधळपट्टीचा शिक्का मारायची सवय मात्र गेली नाही.

त्या जांभळ्या रंगाची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ‘अवाच्या सवा किंमत’ या प्रश्नाचं मूळ तिच्यात आहे. भूमध्य समुद्रकाठच्या टायर या प्राचीन शहराच्या नावाने ओळखला जाणारा हा रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून काढत. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने हा रंग काढून पाहिला, तेव्हा १२,००० गोगलगायींतून त्याच्या हाती १.४ ग्रॅम रंग लागला. इसवी सन ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने वस्तूंच्या कमाल किमती ठरवून दिल्या, त्यात जांभळं रेशीम पौंडाला १,५०,००० दिनार होतं. त्या किमतीमागे खरोखरच अपार श्रम होते. पण किंमत परवडली म्हणून कोणीही तो रंग पांघरावा हेही चालत नव्हतं. सर्वांत उंची छटा पुढे सम्राटांनी स्वतःसाठी राखून ठेवली. म्हणजे किमतीचं कुंपण पुरेनासं झालं तिथे हुकुमाचं कुंपण आलं.

जिथे माणसाला माणूसच मानत नव्हते, तिथे हे हुकूम सर्वांत क्रूर झाले. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात १७४० च्या कायद्याने गुलामांनी कोणतं स्वस्त, खरखरीत कापड वापरायचं याची यादीच दिली होती. न्यू ऑर्लिन्समध्ये १७८६ साली गव्हर्नर मिरो याने कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केसांची आरास न करता डोक्याला फडकं बांधावं असा आदेश काढला. त्या स्त्रियांनी फडकी बांधली, पण अशी झगझगीत, अशा देखण्या गाठी मारून, की हिणवण्यासाठी दिलेलं वस्त्र शहराचा साज होऊन बसलं. त्रावणकोर संस्थानात नाडर जातीच्या स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षं झगडावं लागलं, मार खावा लागला. १८५९ मध्ये परवानगी मिळाली तीही वरच्या जातीच्या स्त्रियांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. अंग झाकलं याचा राग नव्हता, आपल्यासारखं झाकलं याचा होता.

जपानमध्ये एदो काळात (१६०३ ते १८६८) सामान्य शहरवासीयांना भपकेबाज रेशीम आणि भडक रंग वर्ज्य होते. व्यापाऱ्यांकडे पैसा तर भरपूर. त्यांनी बाहेरून साधं, मळकट दिसणारं कापड घेतलं आणि आतल्या अस्तराला उंची रेशीम लावलं. तपकिरी आणि करड्या रंगांच्या इतक्या छटा निघाल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे’ असं म्हटलं जाऊ लागलं. जाणकारालाच कळावी अशी श्रीमंती तिथे घडली. हा धडा पुढच्या काळाने नीट गिरवला.

फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ मध्ये जाहीर केलं की कोणी कोणावर पोशाखाची सक्ती करू शकत नाही. ज्याला जे घालायचं ते घालू द्यावं. मात्र ‘आपापल्या लिंगाला साजेसं’ ही अट त्याच वाक्यात होती. दर्जाची भिंत पडली, स्त्री-पुरुषाची राहिली. १८०० मध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने, पुरुषी पोशाख करायचा असेल त्या बाईने पोलिसांकडून परवाना घ्यावा, असा आदेश काढला. रोझा बोनर ही नामांकित चित्रकार जनावरांच्या बाजारात, कत्तलखान्यात जाऊन चित्रं काढायची. तिथे पायघोळ झग्यात वावरणं अशक्य. तिने १८५७ मध्ये असा परवाना काढला होता, आणि त्यावर कारण लिहिलं होतं ‘प्रकृती’. तो आदेश कालबाह्य असल्याचं फ्रेंच सरकारने औपचारिकपणे २०१३ मध्ये जाहीर केलं.

कायदे गेले, मग पायरी ओळखायची कशावरून? एकोणिसाव्या शतकाने याचं उत्तर शोधलं. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरापासून क्विनाइन बनवायच्या खटपटीत होता. हाती आला जांभळा रंग. सम्राटांनी राखून ठेवलेला रंग काही वर्षांत कारखान्यातून पिंपांनी बाहेर पडू लागला आणि त्याचा रुबाब ओसरला. शिवणयंत्रं आली, तयार कपडे आले, कारकुनाचा कोट लांबून साहेबाच्या कोटासारखा दिसू लागला. त्याच काळात, १८५८ च्या सुमारास, चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने पॅरिसमध्ये दुकान थाटलं. तोवर शिंपी गिऱ्हाइकाच्या मर्जीने शिवत असे. वर्थ स्वतःची कल्पना शिवायचा, गिऱ्हाईक ती विकत घ्यायचं, आणि कपड्याच्या आत त्याच्या नावाची पट्टी असायची. कापड आणि शिलाई यांच्या वरची जी किंमत आज आपल्याला खटकते, तिची सुरुवात मला या पट्टीत दिसते. १८९९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेनने ते उघड मांडलं: महाग कपडा महाग असतो म्हणूनच सुंदर वाटू लागतो, आणि हुबेहूब नक्कल उघडकीला आली की तोच कपडा क्षणात भिकार दिसतो. डोळ्यांसमोरचं कापड तेच असतं.

कायदा नसताना समाज किती लांब जाऊ शकतो, हे १९४३ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसने दाखवलं. लांब, रुंद खांद्यांचे कोट आणि ढगळ पँटी, म्हणजे झूट सूट, मेक्सिकन वंशाच्या तरुणांत लोकप्रिय होता. युद्धामुळे कापडावर निर्बंध होते, तेव्हा एवढं कापड अंगावर घेणं देशद्रोहासारखं मानलं गेलं. खलाशी आणि सैनिक टोळ्यांनी शहरात शिरले, या मुलांना थिएटरांतून आणि ट्रामांतून ओढून बाहेर काढलं, मारलं, भर रस्त्यात त्यांचे कपडे फाडून काढले. पोलिसांनी बहुतेक वेळा मार खाल्लेल्यांनाच अटक केली. त्यानंतर नगरपरिषदेने झूट सूटवर बंदीचा ठराव केला. ज्यांनी दंगल केली त्यांच्या गणवेशाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या काळात पट्टी आतून बाहेर आली. टेनिसपटू रेने लाकोस्तच्या सदऱ्यावर १९३३ पासून छातीवर मगर दिसू लागली, आणि नंतर बोधचिन्ह मिरवणं सर्रास झालं. सर्रास झालं तशी त्याची पत घसरली. २०१० मध्ये हान, नुनेस आणि ड्रेझ या संशोधकांनी नामांकित कंपन्यांच्या हँडबॅगा तपासल्या, तेव्हा किंमत वाढत जाते तसं बोधचिन्ह लहान होत जातं असं दिसलं. एदोच्या अस्तरासारखीच ही खूण फक्त आतल्या गोटातल्यांसाठी असते. दुसऱ्या टोकाला, २०१७ मध्ये बॅलेन्सियागा या महागड्या फॅशन कंपनीने स्वस्त निळ्या बाजार-पिशवीसारखी दिसणारी बॅग २,१४५ डॉलरला विकायला काढली आणि २०२२ मध्ये मुद्दाम फाडून मळवलेले बूट १,८५० डॉलरला. गरिबाने फाटका बूट घातला तर त्याची कीव होते किंवा किळस येते. तोच बूट निवडीने घातला तर शैली होते. मला हे मनापासून खुपतं.

पर्किननंतर रंग मुळात दुर्मीळ राहिले नाहीत, आणि बहुतेक कापडंही. मग दुर्मीळता बनवावी लागते. २०१८ मध्ये बर्बेरी या महागड्या ब्रिटिश कपडे-कंपनीच्या वार्षिक अहवालातून कळलं की कंपनीने वर्षभरात २.८६ कोटी पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला होता. स्वस्तात विकला असता तर नको त्या अंगावर गेला असता. टीका झाल्यावर कंपनीने ही पद्धत थांबवली, आणि फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून न विकलेले कपडे नष्ट करायला मनाई केली.

स्वस्त कपडे घेणाराही शेऱ्यांतून सुटत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळची राना प्लाझा ही इमारत कोसळली आणि तिथल्या शिलाई कारखान्यांतली १,१३४ माणसं मेली. तेव्हापासून स्वस्त कपडा म्हणजे शोषणाचा कपडा हे बोललं जातं, आणि ते रास्त आहे. पण दोष बहुतेक वेळा ज्याला तेवढाच परवडतो त्याच्या माथी येतो. महाग किमतीतला वाढीव पैसा शिवणाऱ्या हातांपर्यंत पोचतोच असंही नाही.

हे जोखणं किती झटपट होतं, ते प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मोजलं. चेहऱ्यांचे फोटो दाखवले, अंगावरचे कपडे तेवढे बदलले. कुठलाच कपडा फार उंची किंवा फार दरिद्री नव्हता. किंचित ‘बरे’ कपडे घातलेला माणूस लोकांना जास्त कर्तबगार वाटला, फोटो फक्त १२९ मिलिसेकंद दाखवला तरीही. कपड्यांकडे दुर्लक्ष करा असं बजावलं, त्या माणसाचा पेशा आणि उत्पन्न सांगितलं, अचूक उत्तराला बक्षीस लावलं, तरी कल बदलला नाही. मुलाखतीसाठी उसनवारी करून चांगला कोट घेणाऱ्याला उधळ्या म्हणणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं. सेकंदाच्या त्या आठव्या हिश्श्यात आपलं काय ठरणार आहे, याचा अंदाज त्याला आयुष्यभराच्या अनुभवाने आलेला असतो.