मागचं कपाट इतकं स्पष्ट का दिसतं?

एप्रिल 2020 मध्ये, अर्धं जग घरात कोंडलेलं असताना, ट्विटरवर 'रूम रेटर' नावाचं एक खातं सुरू झालं. अमेरिकी वृत्तवाहिन्यांवर तज्ज्ञ, पुढारी, पत्रकार आपापल्या घरातून बोलत होते. हे खातं त्यांच्या मागच्या खोलीचा स्क्रीनशॉट टाकून दहापैकी गुण द्यायचं. पुस्तकं, कुंडी, भिंतीवर चित्र असलं तर गुण वाढायचे. वायर लोंबताना दिसली की कापले जायचे. मागे नुसती कोरी भिंत असेल तर 'ओलीस ठेवलेल्या माणसाचा व्हिडिओ' असा शेरा मिळायचा.

गंमत म्हणून हे ठीकच होतं. पण त्यातून एक गैरसमज पक्का झाला: मागचं सगळं स्वच्छ दिसतं म्हणजे कॅमेरा भारी. खरं तर उलट आहे. हा खेळ रंगला तो वेबकॅमचं भिंग चिमुकलं असल्यामुळे. भारी कॅमेऱ्याने कपाटातल्या पुस्तकांचा धूसर लगदा केला असता आणि परीक्षकांना गुण द्यायला काही उरलंच नसतं.

याचं कारण दहावीच्या समरूप त्रिकोणांत आहे. भिंग तुमच्या चेहऱ्यावर फोकस केलंय असं धरा. भिंगाच्या पूर्ण तोंडातून निघणाऱ्या रेषा चेहऱ्याच्या अंतरावर एका बिंदूत मिळतात आणि तो ओलांडून पुन्हा फाकत जातात. मागच्या कपाटापर्यंत पोचताना त्यांचा एक गोल ठिपका झालेला असतो. या ठिपक्याहून बारीक जे काही कपाटावर असेल, ते चित्रात पुसलं जातं. ठिपक्याचा व्यास काढायला सोपा आहे: भिंगाच्या उघड्या तोंडाचा व्यास, गुणिले चेहऱ्यापासून कपाटापर्यंतचं अंतर, भागिले कॅमेऱ्यापासून चेहऱ्यापर्यंतचं अंतर.

आता आकडे घालू. लॅपटॉपच्या वेबकॅमचं नाभीय अंतर साधारण 3 मिलिमीटर आणि एफ-क्रमांक (नाभीय अंतर भागिले तोंडाचा व्यास) 2.2 च्या आसपास धरला, तर तोंडाचा व्यास 1.4 मिलिमीटर येतो, बारीक मोहरीएवढा. तुम्ही कॅमेऱ्यापासून 60 सेंटीमीटरवर, कपाट तुमच्या मागे 140 सेंटीमीटरवर. ठिपका येतो सव्वातीन मिलिमीटरचा. पुस्तकाच्या कण्यावरची दीड सेंटीमीटरची अक्षरं त्यातून आरामात वाचता येतात. आता तिथेच 50 मिलिमीटरचं, एफ 2 चं भिंग लावलेला मोठा कॅमेरा ठेवा. तोंड 25 मिलिमीटर, म्हणजे दोन रुपयांच्या नाण्याएवढं, आणि ठिपका जवळपास 58 मिलिमीटरचा. दोन जाड ग्रंथ शेजारी शेजारी ठेवले तरी एका ठिपक्यात विरघळतात.

शिवाय बहुतेक साध्या वेबकॅमना फोकस हलवताच येत नाही. तो कारखान्यातच मीटर-दीड मीटरवर कायमचा बसवलेला असतो. भिंग इतकं लहान असलं की साधारण पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. चेहरा किंचित मऊ आणि मागची धूळ लख्ख, असं दिसतं ते यामुळेच.

ज्यांना खरी धूसरता हवी त्यांना हेच गणित वाट दाखवतं. भिंतीला पाठ टेकवून बसू नका. खुर्ची पुढे ओढा, कपाट 3 मीटर मागे जाऊ द्या आणि फोनचा मागचा मुख्य कॅमेरा वेबकॅम म्हणून वापरा. त्याचं तोंड साडेतीन मिलिमीटरचं असेल तर ठिपका सतरा-अठरा मिलिमीटरवर जातो. कण्यावरची नावं गेली.

हे न करता 'ब्लर' चं बटण दाबलं तर जी धूसरता मिळते, ती प्रकाशाने केलेली नसते, अंदाजाने केलेली असते. सॉफ्टवेअर चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला (इथे ठिपका म्हणजे पिक्सेल) 0 ते 1 मधला एक आकडा देतं: हा माणूस असण्याची शक्यता किती? हे सेकंदाला तीसेक वेळा, तेही साध्या लॅपटॉपवर करायचं, म्हणून चित्र आधी लहान केलं जातं. गुगल मीटच्या ब्राउझरमधल्या 2020 च्या पद्धतीत ते 256×144 ठिपक्यांइतकं आक्रसत असे. मूळ चित्र 1280×720 असेल तर अंदाजाचा एक चौकोन मूळच्या 25 ठिपक्यांवर पसरतो. 60 सेंटीमीटरवरच्या चेहऱ्यावर तो चौकोन सुमारे 3 मिलिमीटरचा होतो. केसाची जाडी असते 0.07 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका चौकोनाच्या रुंदीत चाळीसेक केस मावतात, आणि त्या सगळ्यांना मिळून उत्तर एकच.

मग दुसरी पायरी येते. मूळ चित्रात जिथे रंग एकदम बदलतो, तिथे ही खडबडीत कड सरकवून बसवली जाते. काळे केस आणि मागे गडद सागवानी कपाट असेल तर रंग बदलतच नाही. कड सापडत नाही आणि डोक्याचा लचका तोडल्यासारखं दिसतं. पांढऱ्या भिंतीपुढे मोगऱ्याचा गजरा गायब होतो तोही यामुळेच. झुमके डुलताना लुकलुकतात. हातात धरून दाखवलेलं पुस्तक नाहीसं होतं, कारण यंत्र माणूस ओळखायला शिकलंय, माणसाच्या हातातली वस्तू नव्हे. जाहिरातीत याला काहीही म्हणोत, उपाय साधा आहे: केस गडद तर मागे फिकट पडदा लावा, आणि फिकट केसांना गडद.

गुण जातात ते बहुतेकदा खोलीमुळे नाही, उजेडामुळे. दिवसा खिडकीतून येणारा उजेड खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. खिडकी पाठीमागे असली की कॅमेरा सरासरी साधायला सगळंच चित्र काळवंडवतो आणि चेहरा कोळसा होतो. वास्तुवाले सांगतील, महत्त्वाच्या कॉलला पूर्वेकडे तोंड करून बसा. सकाळी नऊ वाजता आणि पूर्वेला खिडकी असेल तर त्याचा उपयोग होईलही. संध्याकाळी पाचला, पश्चिमेची खिडकी पाठीशी असताना, तोच सल्ला तुमची सावली करून टाकेल. दिशा नाही, खिडकी बघा.

रात्री चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 60 हर्ट्झ असेल, ते 50 करा. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर ट्यूब, आणि बरेच स्वस्त एलईडीसुद्धा, सेकंदाला 100 वेळा उजळतात-मंदावतात. 1/60 सेकंदाच्या उघडझापीत ते चक्र पूर्ण पटीत मावत नाही, 1/50 मध्ये बरोबर दोनदा मावतं.

उरलं ते झटपट. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. त्यासाठी लॅपटॉपखाली 15-20 सेंटीमीटर जाडीची पुस्तकं रचा, नाहीतर नाकपुड्या आणि छताचा पंखा दिसतो. फिरता पंखा चौकटीत नकोच: प्रत्येक चौकटीत बदलणाऱ्या भागावर व्हिडिओचं कॉम्प्रेशन जास्त डेटा खर्च करतं, आणि नेट कमी असेल तर ती काटछाट चेहऱ्यावर होते.

राहिला प्रश्न या गुणांना अर्थ किती. इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाने 2023 मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. 167 जणांना वेगवेगळ्या पार्श्वभूमींवरचे चेहरे दाखवून विश्वासार्हता आणि क्षमता जोखायला सांगितलं. कुंड्या आणि पुस्तकांचं कपाट वर राहिलं. घरातली बैठकीची खोली आणि हिमखंडावरच्या वॉलरसचं गमतीचं चित्र खाली गेलं. चित्रं मात्र स्थिर होती. माणूस तोंड उघडून बोलू लागल्यावर कुंडीचा प्रभाव किती टिकतो, हे त्यात मोजलेलं नाही. आणि हसऱ्या चेहऱ्यांना तिथे चांगले गुण मिळाले, त्याला भिंगही लागत नाही.