कॅडसाठी गेमिंग लॅपटॉपच लागतो?

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की सल्ला ठरलेला: कॅड (संगणकावर ड्रॉइंग-डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) चालवायचं तर गेमिंग लॅपटॉपच घ्या. हे खरं नाही. ऑटोकॅडमधलं टूडी ड्रॉइंग, सॉलिडवर्क्समधलं पार्टचं रीबिल्ड (बदल केल्यावर थ्रीडी भाग पुन्हा तयार होणं) ही कामं मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतात. गेमिंग लॅपटॉपमधलं महागडं ग्राफिक्स कार्ड तिथे फारसं कामी येत नाही.

अडतं ते रॅमवर. ८ जीबीतली बरीचशी विंडोज आणि ब्राउझरच खातात. मग मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) उघडली की डेटा रॅमपेक्षा संथ असलेल्या एसएसडीवर ढकलला जातो आणि मशीन रखडतं. १६ जीबी घ्या, शक्यतो ८-८च्या दोन पट्ट्यांत. प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि एकाच पट्टीवर मंदावतं. रॅम पुढे वाढवता येईल का, हे दुकानातच विचारा.

लुमिऑनसारख्या सॉफ्टवेअरमधल्या रेंडरिंगला (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र बनवायला) मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच.