औषधजन्य यकृत-इजा आणि दाह

औषध, काढा किंवा रसायन पचवताना यकृतपेशी मरतात, आणि मग कोणताही जंतू नसताना शरीराची संरक्षक यंत्रणा तिथे धावून येते. या दोन टप्प्यांच्या व्याधीला औषधजन्य यकृत-इजा म्हणतात. पहिला टप्पा विषाचा, दुसरा आपल्याच पेशींचा. दुसरा टप्पा रुग्णाला तारतो की मारतो, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि अजूनही धगधगता वाद आहे.

त्याचा अभ्यास मुख्यतः पॅरासिटामॉलवर झाला. योग्य मात्रेत ही गोळी सुरक्षित असते. मात्रा फार वाढली की तिच्यापासून तयार होणारा एक विषारी पदार्थ यकृतातील ग्लुटाथायोन हे विष निष्प्रभ करणारे संयुग संपवतो, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका निकामी करतो आणि पेशी फुटते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून हे उलगडले आणि त्यातूनच एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पुढे आला. विषबाधेनंतर आठ तासांच्या आत दिल्यास तो जवळजवळ खात्रीने यकृत वाचवतो.

फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले डीएनए व प्रथिने धोक्याची सूचना देतात. यकृतात कायम वस्तीला असलेल्या कुप्फर या संरक्षक पेशी ती ओळखतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बोलावून घेतात. न्यूट्रोफिल इजा वाढवतात, असे एक गट मानतो. कॅन्सस विद्यापीठातील हार्टमुट येश्के यांनी मात्र वेगळी मांडणी केली: रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झालेल्या यकृतात न्यूट्रोफिल खरोखर घातक ठरतात, पण पॅरासिटामॉलच्या इजेत ते बहुतांशी मेलेला ऊतक साफ करून नव्या पेशींना जागा करून देतात. प्रयोगातील बारीक चूकही निष्कर्ष उलटवू शकते, हेही त्यांच्या गटाने दाखवले. वनस्पतीचा अर्क विरघळवायला वापरलेले डीएमएसओ हे द्रावक स्वतःच पॅरासिटामॉलचे विषात रूपांतर होऊ देत नाही. मग ‘यकृतरक्षक’ ठरतो तो अर्क नव्हे, द्रावक. जडीबुटींवर शोधनिबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवायला हवे.

ठाणे आणि नवी मुंबईत पावसाळ्यात डोळे पिवळे दिसले की आधी पाण्याचा संशय येतो, आणि तो योग्यच आहे: दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए व ई पसरतात, साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य ताप. पण त्यामुळे औषधाची कावीळ नजरेतून सुटते. ए आणि ई बहुतेकांत आपोआप बरे होतात, म्हणून काविळीची माळ घालणाऱ्यालाही यश मिळाल्यासारखे वाटते. औषधाच्या काविळीत मात्र दोषी औषध थांबवणे हाच पहिला उपचार असतो, आणि माळ उतरण्याची वाट पाहण्यात तोच वेळ जातो.

भारतात या व्याधीचे सर्वांत मोठे कारण क्षयरोगाची औषधे आहेत: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड. ती रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टर ती थांबवून पुढे एकेक करून पुन्हा सुरू करतात. दुसरा गट काढ्यांचा. करोनाकाळात घरोघर गुळवेल घेतली गेली. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत स्वयंप्रतिकारी यकृतदाहासारखी, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी, लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवरच आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांच्या एकत्रित पाहणीतही असेच रुग्ण आढळले. तिसरा गट कर्करोगाच्या औषधांचा. रक्ताच्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट आणि मर्कॅप्टोप्युरिन चालू असलेल्या मुलांची एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) अनेकदा वाढते. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रासारख्या ठिकाणी यकृताच्या तपासण्या या उपचारांचाच भाग असतात.

निदानासाठी एकच एक चाचणी नाही. औषधामुळे एसजीपीटी सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीहून आणि बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग देणारे द्रव्य) दुपटीहून अधिक वाढले, पित्तमार्गात अडथळा नसला, तर सुमारे दहा टक्के रुग्णांत मृत्यू किंवा प्रत्यारोपणाची वेळ येते. हा निकष अमेरिकी यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांच्या निरीक्षणावर बेतलेला आहे. त्याआधी विषाणूंच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास यकृताचा तुकडा तपासून इतर कारणे वगळावी लागतात. रुग्णाने गेल्या काही महिन्यांतल्या गोळ्यांच्या पट्ट्या, काढ्याची बाटली, व्यायामशाळेतून आणलेली पावडरही डॉक्टरांसमोर ठेवावी; निदान बहुधा त्या यादीतूनच होते.