चाकाचे जाम झालेले बोल्ट

मोटारगाडीचे चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसते त्या फिरत्या मध्यभागाला, जखडून ठेवणारा बोल्ट किंवा नट नेहमीच्या पान्याने आणि हाताच्या जोराने सुटेनासा झाला, की तो जाम झाला असे म्हणतात. मारुती सुझुकी, ह्युंदाई यांच्या बहुतेक गाड्यांत हबमधून बाहेर आलेल्या स्टडवर (आटे पाडलेल्या दांड्यावर) नट बसतो, तर फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू यांच्या गाड्यांत बोल्ट थेट हबमध्ये पिळला जातो. या दुसऱ्या प्रकारात आटे गेले तर केवळ स्टड बदलून भागत नाही, हबचीच दुरुस्ती करावी लागते.

दोष सहसा गंजाला दिला जातो आणि तो काही अंशी खराही आहे. परंतु बहुतेक वेळा मूळ कारण आधीच्या खेपेस झालेली बेसुमार आवळणी हेच असते. लहान व मध्यम गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) पुरतो आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. गॅरेजमधली, हवेच्या दाबावर चालणारी नट आवळण्याची गन ही मर्यादा सहज ओलांडते. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर ७० किलो वजनाचा माणूस उभा राहिला तरी टॉर्क २०० न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. अशा ताणाखाली आटे एकमेकांत रुततात आणि त्यात पावसाचे पाणी शिरले की गंज उरलेली फट भरून काढतो. कोकण किनाऱ्यावरील खारी, दमट हवा ही क्रिया झपाट्याने घडवते. अलॉय चाकांत अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्यातील विद्युतरासायनिक क्षरणामुळे पांढरट थर साचतो, आणि मग सगळे बोल्ट निघूनही चाक हबला चिकटून राहते.

सोडवण्याचे काम चाक जमिनीवर टेकलेले, हँडब्रेक ओढलेला आणि गाडी गिअरमध्ये असतानाच सुरू करावे. जॅकवर उचललेल्या गाडीवर जोर लावणे जिवावर बेतू शकते. प्रथम तारेच्या ब्रशने आट्यांचा उघडा भाग साफ करून त्यावर गंज सोडवणारे तेल मारावे व ते मुरू द्यावे. बारा कोनी सॉकेट कडा खातो, म्हणून सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून पूर्ण बसवावा आणि लांब दांड्याने धक्के न देता सलग जोर लावावा. बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून मग उलटा फिरवल्यास गंजाची पकड अनेकदा सुटते. काही जुन्या गाड्यांत आणि ट्रकांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, हे तपासल्याशिवाय जोर वाढवू नये.

डोके गोल झाले असेल तर आतून उलट्या पिळाचे दाते असलेला खास सॉकेट ठोकून बसवतात. तोही निसटला तर बोल्टच्या मध्यातून ड्रिल मारावे लागते आणि ते काम अनुभवी मेकॅनिककडेच द्यावे. टायर चढवलेल्या चाकाला गॅसच्या ज्योतीने तापवणे मात्र पूर्ण टाळावे, कारण आतले रबर विघटित होऊन टायर फुटल्याने माणसे दगावली आहेत. हबला चिकटलेले चाक सोडवताना बोल्ट पूर्ण न काढता दोन-तीन आटे अडकवून ठेवावेत आणि टायरच्या कडेवर रबरी हातोड्याने आळीपाळीने ठोकावे, म्हणजे चाक अचानक अंगावर येत नाही.

पुढच्या खेपेसाठी हबचा दर्शनी भाग घासून स्वच्छ करावा आणि फक्त त्याच भागावर अँटी-सीझचा (भाग जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ थर द्यावा. आट्यांना किंवा बोल्टच्या शंकूच्या आकाराच्या बैठकीला ग्रीस लावण्याची सवय बरीच रूढ असली तरी ती धोक्याची आहे. वंगणामुळे घर्षण घटते, तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, आणि म्हणून निर्मात्याने तसे सांगितले नसेल तर आटे स्वच्छ व कोरडेच ठेवावेत. प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी चढवावा, मग समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने (ठरवलेल्या टॉर्कपर्यंतच आवळू देणाऱ्या पान्याने) आवळावा आणि साधारण ५० ते १०० किलोमीटर धावल्यानंतर पुन्हा तपासावा. दर १०,००० किलोमीटरच्या आसपास टायरची अदलाबदल करणाऱ्यांचे बोल्ट त्या निमित्ताने उघडले जातात; स्टेपनी कधीच न लागलेल्या गाडीत मात्र ते वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, मुद्दाम सोडून पुन्हा आवळून घ्यावे लागतात.