ब्रेक ऑइल रंग जाळत नाही, फुगवतं

गाडीवर ब्रेक ऑइल सांडलं की रंग जातो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कारण मात्र हमखास चुकीचं सांगितलं जातं: “त्यात ॲसिड असतं, रंग जळतो.” अमेरिकी मानकानुसार ब्रेक ऑइलचा पीएच ७ ते ११.५ असावा लागतो. म्हणजे ते उदासीन किंवा अल्कधर्मी असतं. आम्ल असतं तर ब्रेकचे धातूचे भागच आधी गंजले असते.

मुळात ते तेलही नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या ब्रेक ऑइलच्या प्रकारांमध्ये मुख्यतः ग्लायकॉल ईथर असतं, आणि ते जबरदस्त द्रावक आहे. त्याच्या रेणूत हायड्रोकार्बनचा भागही असतो आणि ऑक्सिजनचे ध्रुवीय, म्हणजे पाण्याशी जुळणारे, गटही. म्हणून ते पाण्यात मिसळतं आणि रंगातल्या रेझिनमध्येही, म्हणजे रंगाला धरून ठेवणाऱ्या घटकातही, सहज शिरतं.

रंगाचा सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो, केसाहूनही पातळ. कारखान्यातल्या भट्टीत त्याच्या पॉलिमर साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींत गुंततात आणि सलग जाळं तयार होतं. हे जाळं विरघळत नाही. पण ग्लायकॉल ईथरचे रेणू त्याच्या फटींत घुसतात, साखळ्यांना दूर सारतात, आणि कडक थर मऊ पडून फुगू लागतो. आता फुगणार कुठे? खालून तो घट्ट चिकटलेला, चहूबाजूंनी कोरडा रंग. चौकटीत फुगलेल्या दारासारखी त्याची कोंडी होते. आडवं पसरता येत नाही, दाब साठत जातो आणि थर वर उचलला जातो. आपल्याला दिसतात त्या सुरकुत्या या अशा. द्रव खालच्या थरापर्यंत पोचला की पकडही सुटते, मग पापुद्रा नखानं निघतो.

द्रव आरपार जायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वारंवार पॉलिश करून क्लिअरकोट निम्मा झाला, तर संरक्षणाचा वेळ निम्मा नव्हे, पाव उरतो! तापलेल्या बॉनेटवर तर तो आणखी घटतो. स्प्रेच्या डब्यातल्या साध्या टचअप रंगात बहुधा असं जाळंच नसतं. तो सरळ विरघळतो.

उपायही याच रसायनातून निघतो. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, म्हणून सांडताक्षणी भरपूर पाणी ओता, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. कोरड्या फडक्यानं घासू नका. मऊ झालेला थर त्यासोबत निघेल.

इंजिन ऑइलचे रेणू मोठे आणि अध्रुवीय, त्यामुळे ते या जाळ्यात सहज शिरत नाही. बॅटरीचं पाणी मात्र खरोखरच सल्फ्युरिक आम्ल आहे. पाणी उडून जातं, आम्ल तीव्र होत जातं आणि जाळ्याचे बंधच तोडतं. तिथे आधी भरपूर पाणी, नंतर खाण्याच्या सोड्याचं द्रावण.

रंग वाचवायला वरून लावतात त्या सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातींतल्या ‘९एच’ला भुलू नका. ती पेन्सिलीच्या कडकपणाची श्रेणी आहे, खनिजांच्या कठीणपणाची, हिऱ्याला १० गुण देणारी मोज श्रेणी नव्हे. डागांवर टूथपेस्ट चोळण्याचा सल्ला तर सोडूनच द्या; त्यातले अपघर्षक कण क्लिअरकोटच खरवडतात.

डॉट ५ हे सिलिकोनचं असतं आणि ते रंगाला इजा करत नाही. पण केवळ तेवढ्यासाठी डॉट ३ किंवा ४ सांगितलेल्या गाडीत ते भरू नका. ते या प्रकारांत मिसळत नाही, आणि तिथे प्रश्न रंगाचा नसून ब्रेक लागण्याचा असतो.